वंगणाअभावी एटीव्ही इंजिनाची होणारी हानी

वंगण तेलाची पातळी किंवा दाब फार कमी झाल्यामुळे एटीव्हीच्या, म्हणजेच ऑल-टेरेन व्हेइकलच्या, इंजिनातील भाग एकमेकांवर कोरडे घासून झिजणे, ओरखडणे अथवा जाम होणे, यास वंगणाअभावी होणारी हानी म्हणतात. एटीव्ही हे रुंद व कमी दाबाच्या टायरांचे, दुचाकीसारखे हँडल असलेले आणि शेत, वाळू, चिखल व डोंगरउतारावर चालणारे वाहन होय. तेल कोठे गेले आणि झिजलेल्या धातूचे कण कोठवर पोहोचले, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळवल्याशिवाय केलेल्या दुरुस्तीत नवे भागही लवकरच निकामी होण्याचा संभव असतो.

इंजिनाची रचना

होंडा कंपनीने १९७० साली अमेरिकेत विक्रीस आणलेल्या यूएस९० या तीनचाकी वाहनात, तसेच त्यानंतरच्या अनेक एटीव्हींत, मोटरसायकलसारखे एकसिलिंडर चार-स्ट्रोक इंजिन वापरले गेले. मध्यम आकाराच्या अशा इंजिनात साधारण २ ते ३ लिटर तेल मावते व अनेकदा तेच तेल गिअर आणि क्लचलाही पुरवले जाते. त्यामुळे अर्धा लिटर तूटही मोठी ठरते.

क्रँकशाफ्ट बहुधा बॉल किंवा रोलर बेअरिंगवर फिरतो. ही बेअरिंगे थोड्या तेलावरही काही काळ टिकाव धरतात. याउलट अनेक इंजिनांत कॅमशाफ्ट अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये घडवलेल्या बैठकींतच फिरतो आणि तो तेलपंपापासून दूर असतो. म्हणून पहिला फटका बहुधा कॅमशाफ्ट, रॉकर, पिस्टन व सिलिंडर यांना बसतो.

कारणे

* झिजलेल्या रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधून तेल जळणे. एअर फिल्टरमधून धूळ आत गेल्यास रिंगा वेगाने झिजतात.
* गॅस्केट, सील किंवा तेलाच्या नळीतून गळती.
* पातळी आधीच कमी असताना तीव्र चढ-उतारावर पंपाने तेलाऐवजी हवा ओढणे.
* तेलात पाणी किंवा पेट्रोल मिसळणे. अशा वेळी डिपस्टिकवर पातळी पुरेशी दिसते, पण तेलाची वंगणशक्ती घटलेली असते. पाणी मिसळलेले तेल दुधाळ दिसते.

निदान

संशय येताच इंजिन बंद करतात व तपासणी होईपर्यंत पुन्हा चालू करत नाहीत. डिपस्टिक आटे न फिरवता टेकवून पाहायची की पूर्ण बसवून, हे प्रत्येक इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेले असते. यातील चुकीने पातळीचा अंदाज फसतो.

तेल स्वच्छ भांड्यात काढून फिल्टर उघडतात. चुंबकाला चिकटणारे कण लोखंडी म्हणजे बेअरिंग, गिअर किंवा रिंगांचे असतात. न चिकटणारे चंदेरी कण पिस्टन किंवा हेडचे, तर पिवळसर कण कांस्याच्या बुशांचे असू शकतात. चुंबकी बोल्टवरील बारीक करडा लेप मात्र सामान्य झिजेचाही असतो.

इंजिनाच्या वरच्या भागातील टकटक कॅमशाफ्ट वा रॉकरकडे, थंड इंजिनात येऊन गरम झाल्यावर कमी होणारा आवाज सैल पिस्टनकडे, आणि भार पडताच वाढणारा खोल ठोका कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगकडे निर्देश करतो. कॉम्प्रेशन कमी भरल्यास स्पार्क प्लगच्या छिद्रातून चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजतात. दाब वाढल्यास रिंगा किंवा सिलिंडर, न वाढल्यास व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट सदोष असण्याची शक्यता अधिक असते. डीकॉम्प्रेसर असलेल्या इंजिनात हा दाब मुळातच कमी दिसतो. तेथे बाहेरून हवा भरून गळती मोजणे अधिक भरवशाचे असते.

दुरुस्ती

हेड व सिलिंडर उतरवल्यावर क्रँककेस उघडायचा की नाही, हा खर्चाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा निर्णय असतो. कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून पाहिल्यास खेळ जाणवता कामा नये. बाजूचा थोडा खेळ सामान्य असून तो फीलर गेजने मोजतात. वर-खाली खेळ असल्यास किंवा तेलात लोखंडी कण भरपूर असल्यास क्रँककेस उघडणे अपरिहार्य ठरते. प्रेसने जोडलेल्या क्रँकचा रॉड बदलल्यावर क्रँक डायल गेजवर सरळ करून घ्यावा लागतो.

सिलिंडरचा व्यास तीन उंचींवर व दोन दिशांनी मोजतात. बिडाच्या सिलिंडरला बोअर करून ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर मोठा पिस्टन बसवता येतो. निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा लेप असलेल्या सिलिंडरला नवा लेप द्यावा लागतो किंवा तो बदलावा लागतो. हेडमधील कॅमच्या बैठकी ओरखडल्या असल्यास बहुधा हेडच बदलतात.

तेलाचे सर्व मार्ग द्रावकाने धुऊन हवेच्या झोताने साफ करतात. पंपाचे रोटर, दाबनियंत्रक व्हॉल्व्ह व जाळी तपासतात. ऑइल कूलरमधील कण पूर्ण निघणे कठीण असल्याने तो बदलणे श्रेयस्कर मानले जाते. जोडणीनंतर स्पार्क प्लग काढून व प्रज्वलन बंद ठेवून इंजिन फिरवतात आणि हेडपर्यंत तेल पोहोचल्याची खात्री झाल्यावरच ते चालू करतात. पहिले तेल लवकर बदलून त्यातील कण पुन्हा पाहतात.

प्रतिबंध

अनेक एटीव्हींवर तेलदाबाचा दर्शक नसतो, म्हणून प्रत्येक फेरीपूर्वी सपाट जागी पातळी पाहणे हाच मुख्य उपाय होय. क्लच तेलात बुडालेला असल्यास जासो एमए मानकाचे तेल वापरतात. घर्षण कमी करणारी द्रव्ये असलेल्या मोटारीच्या तेलाने असा क्लच घसरू शकतो.