सातबाऱ्यावरचे शब्द आणि आपलं नाव

पासबुक वाचायला आपण गटात शिकलो, आज सातबारा वाचू या. त्यावरचे शब्द जुने आहेत. ते कुठून आले हे कळलं, की त्यात बाईचं नाव का सापडत नाही तेही कळतं.

पेशवाईत वंशपरंपरेने जमीन कसणाऱ्याला मिरासदार म्हणत आणि करारावर कसणाऱ्याला उपरी. मग इंग्रज आले. त्यांना शेतसारा वेळेवर हवा होता. 1836 साली इंदापूर तालुक्यात विंगेट आणि गोल्डस्मिड या अधिकाऱ्यांनी जमिनी मोजून, त्यांची प्रत ठरवून तीस वर्षांचा सारा बांधून दिला. तुकड्याला सर्व्हे नंबर पडला आणि सारा भरणारा झाला खातेदार. घरात कुणाकुणाचा हिस्सा आहे, हे या पद्धतीत महत्त्वाचं नव्हतं. नाव लागे ते बहुधा कर्त्या पुरुषाचं.

पुढे 1903 साली मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा आला आणि 1966 साली महाराष्ट्र जमीन महसूल संहिता. गाव नमुना सात म्हणजे जमिनीवरचे हक्क, नमुना बारा म्हणजे पिकं. दोन्ही मिळून सातबारा.

आता शब्द बघू. भोगवटादार म्हणजे कायदेशीर हक्काने जमीन ताब्यात असणारा. वर्ग एक असेल तर जमीन विकायला साधारणपणे सरकारी परवानगी लागत नाही, वर्ग दोन असेल तर लागते.

जुन्या उताऱ्यांवर थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरं दिसतात. एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे तो सगळ्यांच्या वतीने कारभार बघतो, एकटा मालक नाही. पण वर्षं गेली, की घरचेही ही अक्षरं विसरतात आणि दादाच मालक ठरतो.

‘इतर हक्क’ या रकान्यात कर्जाचा बोजा, कुळाचं नाव अशा नोंदी असतात. अनेक ठिकाणी आई आणि बहिणींची नावंही तिथेच टाकलेली दिसतात. त्याने हिस्सा बुडत नाही, पण व्यवहाराच्या वेळी त्यांना कुणी विचारत नाही. वारस असाल तर नाव भोगवटादाराच्या रकान्यात हवं.

फेरफार म्हणजे बदलाची नोंद. तलाठी ती घेतो, नोटीस काढतो, हरकतीला पंधरा दिवस असतात. म्हणून नोटिशीवर नुसता अंगठा देऊ नका, वाचून घ्या. आणि हे लक्षात ठेवा: सातबारा मालकी देत नाही. चुकीचं सिद्ध होईपर्यंत ती नोंद खरी धरतात, एवढंच. हक्क येतो वारशाने, खरेदीने, वाटपाने.

तो वारसा आपल्याला कधी मिळाला? 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेचा हयातीपुरता हक्क पूर्ण मालकीचा झाला. महाराष्ट्राने 1994 साली, तर केंद्राने 2005 साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः मुलाइतका हक्क दिला. त्यासाठी 2005 साली वडील हयात असणं गरजेचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. मुस्लिम, ख्रिश्चन मैत्रिणींचे वारसा कायदे वेगळे आहेत. त्यावर वेगळं बोलू.

शेवटचा शब्द हक्कसोडपत्र. नावातच अर्थ आहे. ‘माहेर तुटेल’ या भीतीने बहिणी नोंदणी कार्यालयात सही करून येतात. सही करायची की नाही हे ज्या त्या बाईने ठरवावं. आम्ही कुणाला भांडायला सांगत नाही. पण आपण काय सोडतोय, किती गुंठे सोडतोय, हे माहीत असावं. एकदा नोंदलेलं पत्र फिरवणं फार अवघड जातं.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने सासरचा आणि माहेरचा सातबारा आणावा. आधी ‘इतर हक्क’ वाचू, मग ‘ए.कु.मॅ.’ शोधू.