आसनाचा खाका : नाशिकमधील पँटशिलाईचा पूर्वेतिहास
नाशिकसारख्या तीर्थक्षेत्री धोतर, उपरणे आणि लुगडे या न शिवलेल्या वस्त्रांचा मान मोठा असला, तरी अंगरखा, बंडी आणि विजार शिवणारा शिंपी गावोगाव होता, आणि संत नामदेवांना आपले मानणाऱ्या नामदेव शिंपी समाजात हे कसब पिढीजात चालत आले होते. जुन्या पद्धतीची विजार सरळ पट्ट्यांची असे. दोन पाय जेथे मिळतात त्या भागाला, म्हणजे आसनाला, वेगळी कळी जोडली जाई, कंबरेला नाडी ओवण्यासाठी नेफा दुमडला जाई, आणि कापड ऐसपैस असल्यामुळे बांधा बदलला तरी नाडी आवळून किंवा सैल करून काम भागे.

पँटने ही सोय काढून घेतली. तिची कंबर पट्टीत पक्की बसवलेली आणि आसन अंगालगतचे असल्याने, कापड बेततानाच, म्हणजे मापे टाकून कापतानाच, नितंबांचा उभार, पोटाची ठेवण आणि बसण्या-उठण्याला लागणारी जागा यांचा हिशेब मांडणे भाग पडले. नाशिक परिसरात हा पोशाख रुजण्याची कारणे शोधताना दोन संस्थांकडे आधी पाहिले पाहिजे. विलायतेहून आलेल्या आणि परत निघालेल्या गोऱ्या पलटणी जेथे मुक्काम करीत ती देवळालीची छावणी ही एक. आणि 1906 मध्ये पुण्याजवळच्या भांबुर्ड्याला निघून 1909 मध्ये नाशिकला आलेली पोलीस प्रशिक्षण शाळा ही दुसरी. कवायतीचा गणवेश सैल चालत नाही आणि तंगही चालत नाही, त्यामुळे अशा ठिकाणचे काम शिंप्याच्या हाताला अचूकपणाची सवय लावणारे होते.

घरच्या शिलाईचा मार्ग वेगळा आहे. सिंगरच्या शिवणयंत्राचे पेटंट 1851 चे, तर अमेरिकेतील एबेनेझर बटरिक यांनी निरनिराळ्या मापांचे कागदी खाके विक्रीस आणले ते 1863 मध्ये. खाका म्हणजे कापडावर ठेवून कापण्यासाठी आखलेला कागदी नमुना. महाराष्ट्रात मात्र विकतच्या खाक्यापेक्षा खाकी कागदावर स्वतः आखण्याची रीतच शिवणवर्गांतून पसरली. त्यात रमाबाई रानडे यांच्या पुणे सेवासदनासारख्या संस्थांचे शिवणवर्ग, 1935 पासून कलकत्त्यात तयार होऊ लागलेली उषा यंत्रे आणि झारापकर यांची कर्तनपद्धती या तिन्हींचा वाटा मोठा आहे. मुलांच्या खाकी चड्डीवर हात बसला की गृहिणी पँटकडे वळे, आणि तेथेच पहिली खरी अडचण उभी राही, कारण वर्गातला खाका प्रमाणबद्ध शरीरासाठी आखलेला असे आणि घरातले शरीर तसे असेलच असे नाही.

ही अडचण सोडवण्याची रीत बारकाईने पाहण्याजोगी आहे. सीट, म्हणजे नितंबांच्या सर्वांत रुंद भागाचा घेर, मोजून आखणी होते. आसनासाठी मागच्या भागाला द्यायचा वाढावा पुढच्याच्या सुमारे दुप्पट धरतात. बसल्यावर मागची कंबर खाली ओढली जात असेल, तर मागच्या भागाची आसनरेषा उंचीला अपुरी आहे असे समजावे. अशा वेळी खाका सीटच्या रेषेवर मधल्या शिवणीपासून बाजूच्या शिवणीपर्यंत कापतात, बाजूचे टोक जोडलेलेच ठेवून मध्ये अर्धा इंच उघडतात, त्या फटीखाली कागद चिकटवतात आणि रेषा नव्याने वळवून घेतात. नितंब सपाट असून त्याखाली कापड लोंबत असेल, तर हीच रेषा उघडण्याऐवजी एकमेकींवर सरकवतात. आसनापासून मांडीकडे ताणाच्या चुण्या फुटत असतील, तर दोष बहुधा वाढाव्याचा असतो, आणि तेथे कंबर वाढवून काहीच साधत नाही. नवशिक्या हातांचे कापड वाया जाते ते मुख्यतः या गैरसमजाने. म्हणून दुरुस्त खाक्यावर आधी मांजरपाट कापून, कच्चे टाके घालून, अंगावर पाहण्याचा प्रघात पडला, आणि तो अत्यंत शहाणपणाचा आहे.

व्यावसायिक शिंप्याने याच प्रश्नाला कापडातच उत्तर ठेवले. पँटच्या मागच्या मधल्या शिवणीला तो कंबरेपाशी इंच-दीड इंच माया, म्हणजे शिवणीआड राखलेले जादा कापड, सोडतो आणि आसनाकडे ती निमुळती करत नेतो, त्यामुळे पुढे काही वर्षांनी कंबर वाढली तरी तीच शिवण उसवून पँट मोठी करता येते. कारखान्यात तयार होणाऱ्या जीन्सची ही शिवण दुमडून दुहेरी टाक्याने पक्की केलेली आणि जेमतेम मायेची असते. त्यामुळे ती लहान करून घेता येते, मोठी करायची झाली तर बाहेरून पट्टी जोडावी लागते.