अतिदक्षता विभागातील स्नायुदौर्बल्य वेळीच कसे ओळखावे?

जंतुसंसर्ग आटोक्यात आला, ताप उतरला, छातीचा एक्स-रेही सुधारला. तरी रुग्णाचा व्हेंटिलेटर सुटत नाही. गुंगीची औषधे थांबवल्यावर तो डोळे उघडतो, नातेवाइकांना ओळखतो. मात्र त्याला हात उचलता येत नाही. मग पक्षाघाताची शंका घेतली जाते किंवा 'पेशंट प्रयत्नच करीत नाही' असा अन्यायकारक शेरा मारला जातो. अनेकदा खरे कारण असते अतिदक्षता विभागात जडलेले स्नायुदौर्बल्य.

कॅनडातील चेताविकारतज्ज्ञ चार्ल्स बोल्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये अशा पाच रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. सेप्सिस, अनेक अवयव निकामी होणे, दीर्घकाळ व्हेंटिलेटरवर निश्चल पडून राहणे ही त्यामागची प्रमुख कारणे. रक्तातील वाढलेली साखर त्यात भर घालते. चेतातंतू, स्नायू किंवा दोन्हींना इजा होते. सात दिवस वा अधिक काळ व्हेंटिलेटरवर राहून शुद्धीवर आलेल्या रुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा अशक्त आढळला, असे २००२ मधील फ्रेंच पाहणी सांगते.

निदानासाठी महागडे यंत्र लागत नाही. प्रथम रुग्ण पुरेसा जागा आहे ना, हे पाहतात: डोळे उघडा-मिटा, माझ्याकडे पाहा, जीभ बाहेर काढा, मान हलवा, पाच अंक मोजून झाल्यावर भुवया उंचवा. यांपैकी किमान तीन सूचना पाळल्या गेल्यास पुढची तपासणी करता येते. चेहऱ्याचे स्नायू बहुधा शाबूत असल्याने ही युक्ती साधते. मग दोन्ही बाजूंचे खांदा, कोपर, मनगट, नितंब, गुडघा व घोटा येथील हालचालींना शून्य ते पाच गुण दिले जातात. हालचालच नसेल तर शून्य, केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध अवयव उचलता आला तर तीन, पूर्ण ताकद असेल तर पाच. एकूण गुण साठ; ४८ पेक्षा कमी भरल्यास दौर्बल्य निश्चित मानतात. हाताची पकड मोजण्याचे साधन असल्यास पुरुषांत ११ किलो व स्त्रियांत ७ किलोहून कमी पकड ही धोक्याची सूचना ठरते.

अडचण एवढीच, की गाढ गुंगीतील रुग्णाची ही परीक्षा घेता येत नाही आणि स्नायू तर पहिल्या काही दिवसांतच झिजू लागतात. ब्रिटनमधील २०१३ च्या अभ्यासात मांडीच्या स्नायूचा छेद दहा दिवसांत सुमारे १८ टक्क्यांनी घटल्याचे सोनोग्राफीत दिसले. अशा रुग्णांसाठी सोनोग्राफी वा खाटेजवळच चेतातंतूंची विद्युत तपासणी उपयोगी पडते. अर्थात सोनोग्राफी स्नायूचा आकार दाखवते, ताकद नव्हे.

जानेवारी २०२५ मधील पुण्यातील साथीमुळे गियाँ-बारे हा आजार आपल्याकडे घरोघरी माहीत झाला. त्यात दौर्बल्य आधी येते व त्यामुळे अतिदक्षता विभाग गाठावा लागतो. येथे क्रम उलटा असतो.

या दौर्बल्यावर खास औषध नाही. गुंगी शक्य तितकी हलकी ठेवणे, साखर आटोक्यात राखणे आणि लवकर फिजिओथेरपी सुरू करणे, एवढेच हाती उरते. अमेरिकेतील २००९ च्या चाचणीत लवकर व्यायाम मिळालेल्यांपैकी ५९ टक्के रुग्ण घरी जाताना स्वावलंबी होते, इतरांत ३५ टक्के. मात्र २०२२ च्या मोठ्या चाचणीत नेहमीपेक्षा जादा व्यायामाचा लाभ दिसला नाही, उलट दुष्परिणाम वाढले. व्यायामाची मात्रा म्हणूनच डॉक्टर व फिजिओथेरपिस्ट यांनी ठरवावी. नातेवाइकांनी 'आज गुंगी कमी करून ताकद तपासली का, गुण किती आले' असे जरूर विचारावे आणि घरी सोडताना तो आकडा कागदावर लिहून घ्यावा. पुढील महिन्यांतील सुधारणा त्याच्याशीच ताडून पाहता येते.