गाडी सर्च केली की फोन का वाजायला लागतो? कार डीलरची 'लीड' कशी तयार होते, समजून घ्या

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये आमच्या मनमाडच्या घरी पहिली चारचाकी घ्यायचं ठरलं. पप्पा रेल्वे वर्कशॉपमधून रिटायर झाले होते, पीएफचे पैसे आले होते. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून ऑनलाइन चौकशी माझ्याकडे. एका वेबसाइटवर 'ऑन-रोड किंमत बघा' असं बटण दिसलं. दाबलं, तर किंमत दाखवायच्या आधीच मोबाइल नंबर आणि ओटीपी मागितला. मी पप्पांचा नंबर टाकला. किंमत आली ती नाशिकची, आणि दोन मिनिटांत पहिला फोन आला. मग आठवडाभर रोज पाच-सहा. वैतागून पप्पांनी अनोळखी नंबर उचलणंच बंद केलं, आणि त्यात पेन्शनच्या कागदांसाठी बँकेतून आलेले दोन फोन हुकले. पहिली पेन्शन लांबली. चूक माझीच, कारण हे सगळं मागे कसं चालतं ते मला माहीत असायला हवं होतं.

लीड म्हणजे नक्की काय?

नाव, नंबर, आवडलेलं मॉडेल आणि गाव, एवढ्या माहितीला गाडीच्या धंद्यात 'लीड' म्हणतात. आपण फॉर्म भरतो ती वेबसाइट बऱ्याचदा गाडी विकतच नाही. ती लीड डीलरकडे पाठवते, आणि एकच लीड दोन-तीन डीलरकडे जाऊ शकते. म्हणून शर्यत लागते: जो आधी फोन करेल त्याला गिऱ्हाईक मिळायची शक्यता जास्त. शोरूमच्या सॉफ्टवेअरमध्ये लीड पडली की टेलिकॉलरच्या स्क्रीनवर घड्याळ सुरू होतं. दोन मिनिटांत फोन येतो तो यामुळे.

जाहिरातीचंही तसंच. तुम्ही गूगलवर 'ऑन रोड प्राइस मनमाड' टाइप करता तेव्हा त्या क्षणी मागे एक लिलाव होतो. कोण किती पैसे द्यायला तयार आहे आणि कोणाची जाहिरात तुमच्या शोधाला जास्त जुळते, यावर वरचा नंबर ठरतो. इन्स्टावर दिवसभर तीच गाडी दिसते ती 'पिक्सेल'मुळे. हा वेबसाइटमधला छोटासा कोड तुम्ही कोणतं पान उघडलं ते मेटाला कळवतो. डीलर स्वतःच्या जुन्या ग्राहकांचे नंबर हॅश करून, म्हणजे सांकेतिक रूपात, अपलोड करून त्यांनाही जाहिरात दाखवू शकतो.

जंक्शनची गंमत

त्या फोनांमधले बहुतेक जण एकच वाक्य बोलायचे: "सर, आजच बुकिंग करा, ऑफर संपतेय." फक्त मालेगावच्या एका शोरूमचा सेल्समन वेगळं बोलला. "काका, 15 ऑगस्टला पंतप्रधान बोललेत की दिवाळीपर्यंत जीएसटी कमी होणार. बुकिंग करून ठेवा वाटल्यास, पण बिल आत्ता करू नका." त्याचं त्या महिन्याचं टार्गेट हुकलं असणार. पण 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी खरंच 28 वरून 18 टक्क्यांवर आला, वरचा सेसही गेला. 2 ऑक्टोबरला, दसऱ्याला, गाडी दारात आली. अर्थात त्याच्याकडूनच.

नंतर आमची दोस्ती झाली. एकदा तो म्हणाला, "भाऊ, जाहिरातीवर पैसे जातायत, लीड ढीगभर येतायत, टेस्ट ड्राइव्हला कोणी येत नाही." मी लॅपटॉप घेऊन बसलो. येवला, चांदवड, नांदगाव सगळं यावं म्हणून त्याने मनमाडभोवती 30 किलोमीटरचं वर्तुळ टाकलं होतं. ऐकायला बरोबर. पण मनमाड जंक्शन आहे ना! 'त्या भागात राहणारे किंवा नुकतेच तिथे असलेले', असे सगळे मेटा मोजतं. म्हणजे मुंबई-भुसावळ लाइनवरचे प्रवासी, नांदेडहून अमृतसरला निघालेली सचखंड एक्सप्रेस, गुरुद्वाऱ्यात दर्शनाला आलेले भाविक, सगळे त्याच्या हिशेबात 'मनमाडचे'. गाडी प्लॅटफॉर्मवर थांबली, माणसाने फोन काढला, रील बघताना फॉर्म उघडला. नंबर प्रोफाइलमधून आपोआप भरलेला असतो, एक टॅप की लीड तयार! टेलिकॉलर फोन करायचा तेव्हा माणूस भोपाळला पोहोचलेला असायचा.

गूगलमध्ये हे थोडं सुधारता येतं. तिथे लोकेशनचा डिफॉल्ट पर्याय 'त्या भागात असलेले किंवा त्या भागात रस दाखवणारे' असा असतो, तो बदलून फक्त 'असलेले' ठेवता येतं. पण प्लॅटफॉर्मवरचा प्रवासीही तिथे 'असलेला'च की. शेवटी उपाय साधा निघाला. फॉर्ममध्ये हाताने टाइप करायचे दोन प्रश्न टाकले: कोणत्या गावात राहता, आणि सध्या कोणती गाडी वापरता? लीड निम्म्याहून कमी झाल्या. मॅनेजर आधी चिडला, कारण त्याचा रिपोर्ट लीडच्या आकड्यावर बनतो. पण ज्या आल्या त्यातले लोक टेस्ट ड्राइव्हला यायला लागले.

दुसरा बदल म्हणजे फॉर्मऐवजी थेट व्हॉट्सॲप उघडणारी जाहिरात. इथे पहिला मेसेज ग्राहक करतो, त्यामुळे फोनचा मारा होत नाही. उत्तरात पूर्ण फोड मराठीत पाठवायची: एक्स-शोरूम, आरटीओ टॅक्स (महाराष्ट्रात 10 लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला 11 टक्के), इन्शुरन्स, फास्टॅग, ॲक्सेसरीज वेगळ्या. इन्शुरन्स शोरूमकडूनच घ्यायची सक्ती नाही, हेही त्याच मेसेजमध्ये. आपल्याकडे गाडी मालेगावला पासिंग होते, एमएच 41, तर नाशिकचा आकडा पाठवून काय उपयोग?

मोठ्या कंपन्या काय करतात?

महिंद्राने 30 जुलै 2022 ला स्कॉर्पिओ-एनचं बुकिंग उघडलं तेव्हा सुरुवातीची किंमत फक्त पहिल्या 25,000 गाड्यांना होती. त्या एका मिनिटात संपल्या, अर्ध्या तासात एक लाख बुकिंग. 21,000 रुपये भरायचे, तेही परत मिळणारे, त्यामुळे 'बघू तर' म्हणणारेही रांगेत. ती रांगच जाहिरात झाली. पण हे नाव आधीच घराघरात असलेल्या गाडीला जमतं.

छोट्या गावांसाठी मला दुसरे दोन प्रयोग जास्त पटतात. टाटा मोटर्सने मार्च 2022 मध्ये 'अनुभव' नावाची 103 फिरती शोरूम काढली, ट्रकच गावात येतो. आणि मारुतीचे डीलर गावातलाच माणूस सेल्ससाठी ठेवतात. उद्या बाजारात भेटणार आहे, हे माहीत असलेला माणूस 'आजच ऑफर संपते' म्हणायला जरा कचरतो.

तुम्ही गाडी बघत असाल तर

किंमत बघायला घरच्यांचा नंबर टाकू नका. जास्तीचं सिम असेल तर ते वापरा, नाहीतर थेट शोरूमच्या व्हॉट्सॲपवर फोड मागा. 1909 वर डीएनडी लावा, पण चौकशी तुम्हीच केली असेल तर त्याचा फार आधार मिळत नाही. तेव्हा डीलरला लेखी मेसेज करा की माझा नंबर काढून टाका. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात संमती मागे घ्यायचा हक्क आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि तो टप्प्याटप्प्याने लागू होतोय. अँड्रॉइडवर सेटिंग्ज, प्रायव्हसी, ॲड्स इथे जाऊन ॲडव्हर्टायझिंग आयडी डिलीट करता येतो (काही फोनमध्ये हा पर्याय गूगलच्या सेटिंगमध्ये सापडतो). गाड्यांच्या जाहिराती त्याने बंद होत नाहीत, पण ॲपमधला जुना माग बराच तुटतो. पप्पांच्या फोनवर मी हे सगळ्यात आधी केलं, आणि बँकेचे नंबर नावाने सेव्ह करून दिले.