चारचौघींत

मराठीत माणसं मोजायची रीत वस्तू मोजण्याहून वेगळी आहे. आंबे दोन, तीन, चार. माणसं दोघं, तिघं, चौघं. पाचावर आलं की ही सोय संपते आणि ‘पाच जण’, ‘सहा जणी’ अशी जोड द्यावी लागते. शिवाय या रूपांना लिंग असतं. चार खुर्च्या आणि चार दिवे, दोन्हींकडे ‘चार’ तोच. माणसांत मात्र चौघे पुरुष, चौघी बायका, आणि सगळी एकत्र आली की चौघं. म्हणजे ‘चौघी’ हा शब्द नुसती संख्या सांगत नाही. त्यात धरलेली प्रत्येक व्यक्ती बाई आहे, हेही तो मान्य करतो.

संस्कृतातला ‘चतुर्’ प्राकृतात ‘चउ’ झाला आणि मराठीत ‘चौ’ होऊन चौक, चौरस, चौघे अशा शब्दांत राहिला. बोलण्यातला ‘चार’ तर बरेचदा नेमका चार नसतोच. पाहुणा चार दिवस राहतो, वक्ता चार शब्द बोलतो, कष्टकरी चार पैसे गाठीला बांधतो. ‘चारचौघांत’ म्हणजे लोकांत, आणि ‘चारचौघींसारखी’ म्हणजे जिच्याकडे रस्त्यात कुणी वळून पाहत नाही अशी बाई. प्रशांत दळवींच्या ‘चारचौघी’ या नाटकाच्या नावात हे दोन्ही अर्थ आहेत: आई आणि तिच्या तीन मुली मिळून खऱ्याखुऱ्या चौघी, आणि चौघीही चारचौघींसारख्या नाहीत.

तृतीयपंथी कार्यकर्त्या गौरी सावंत यांच्या मुंबईतल्या संस्थेचं नाव ‘सखी चारचौघी’. गौरी मूळच्या पुण्याच्या, पोलीस अधिकाऱ्याच्या घरातल्या. कोवळ्या वयात घर सुटलं, मुंबई गाठली आणि २००० साली मालाडच्या मालवणी भागात ही संस्था उभी राहिली. तृतीयपंथीयांमध्ये एचआयव्हीचा प्रसार रोखणं, तपासणीला माणसं नेणं, दवाखान्यात त्यांना नीट वागवलं जाईल हे पाहणं, अशी कामं तिनं केली. कामाइतकंच मला तिचं नाव धीट वाटतं. ज्यांना पाहून सिग्नलवरच्या गाड्या काचा वर करतात, त्यांनी स्वतःला चारचौघींत धरलं.

एरवी त्यांच्या वाट्याला आलेले आकडे वेगळे होते. ‘छक्का’ हा शब्द ‘षट्क’पासून आला. फाशांवर, पत्त्यांत, क्रिकेटमध्ये तो आनंदाचा. माणसाला उद्देशून उच्चारला की शिवी. सरकारी कागदांवर आला ‘इतर’. मतदारयादीत ही नोंद २००९ साली मिळाली. २०११च्या जनगणनेत त्या रकान्यात देशभरातून ४,८७,८०३ माणसं मोजली गेली, महाराष्ट्रातून ४०,८९१. ‘इतर’मधला ‘तर’ हा संस्कृतात दोहोंची तुलना करणारा प्रत्यय आहे. एक हा आणि दुसरा तो इतर, असा त्याचा मूळ भाव. दोनच रकाने धरून चाललेल्या जगानं तिसऱ्यांसाठी निवडलेला शब्दही दोनांच्याच हिशेबातला निघाला.

‘हिजडा’ची कुळकथा वादातली आहे. अरबीतल्या ‘सोडून जाणे’ या अर्थाच्या धातूशी तो जोडला जातो, म्हणजे आपली जमात सोडून गेलेला. काही जण फारसी ‘हीज़’कडे बोट दाखवतात. मराठी बोलण्यात मात्र तो भित्रेपणाची शिवी म्हणून रुळला आणि राजकीय आंदोलनांत पुढाऱ्याला बांगड्यांचा आहेर करणारी वृत्तीही त्याच मुळाची आहे: बाईपण हाच अपमान समजणारी. म्हणून लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनी आपल्या मराठी आत्मकथनाला ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ असं नाव दिलं, तेव्हा त्या शब्दाची दिशाच फिरली. दुसऱ्यानं मारलेला दगड हातात घेऊन त्यांनी तो आपल्या दाराच्या उंबऱ्याला लावला.

‘तृतीयपंथी’ हा त्या मानानं सभ्य आणि छापील शब्द. संस्कृतात ‘तृतीया प्रकृती’ होती. कामसूत्रात आणि अमरकोशात ती सापडते. मराठीनं तिथला ‘तृतीय’ घेतला आणि ‘प्रकृती’च्या जागी ‘पंथ’ आणला. हा बदल लहान नाही. प्रकृती जन्मानं येते, पंथ चालून येतो. ‘पथिन्’ म्हणजे वाट. पथ, पथिक, पाथेय ही त्याचीच भावंडं. नाथपंथ, महानुभाव पंथ म्हणणाऱ्या मराठी कानाला पंथ म्हटलं की गुरू, दीक्षा आणि शिष्यपरंपरा आठवते. गुरू-चेल्यांच्या आणि घराण्यांच्या व्यवस्थेत राहणाऱ्या समाजाला हा शब्द चपखल बसला. पण त्या व्यवस्थेबाहेर राहणाऱ्या, नोकरी करणाऱ्या किंवा बाई म्हणून जन्म नोंदलेल्या ट्रान्स पुरुषाला तो तितका बसत नाही. हल्ली ‘पारलिंगी’ हा शब्द लिहिला जातो तो त्यासाठीच, आणि मला तो पटतो.

१५ एप्रिल २०१४ रोजी न्या. राधाकृष्णन आणि न्या. सिक्री यांच्या पीठानं ‘नालसा’ खटल्याचा निकाल दिला. आपलं लिंग काय हे ठरवायचा अधिकार ज्याचा त्याला आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं त्यात मान्य केलं. त्यानंतर २०१६ साली आलेल्या विधेयकात व्याख्या होती ती पूर्ण स्त्रीही नाही, पूर्ण पुरुषही नाही, अशी. वाचताना ‘नपुंसक’ शब्दाची जुनी फोड आठवते. व्याकरणकारांनी तो असाच सोडवला होता: न स्त्री, न पुमान्. हजारो वर्षांनीही माणसाची ओळख ‘न’नंच सुरू व्हावी, याचा संताप येतो. विरोध झाला आणि २०१९च्या कायद्यात जन्माच्या वेळी नोंदलेल्या लिंगाशी न जुळणारी ओळख, अशी व्याख्या आली. किन्नर, हिजडा, अरावनी आणि जोगता ही नावंही त्यात आली. पण त्याच कायद्यानं ओळखपत्रासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायला लावला, म्हणजे ज्याचा त्याला दिलेला अधिकार पुन्हा टेबलापलीकडे गेला.

हे झालं कायद्याचं. मराठीत बोलणाऱ्याला त्याआधीच क्रियापद अडवतं. बंगालीत ‘मी जाते’ आणि ‘मी जातो’ यांत फरक नाही. आपल्याकडे तोंड उघडलं की लिंग उघडं. मुलगा म्हणून वाढवलेलं पोर पहिल्यांदा ‘मी आले’ म्हणतं, तेव्हा घरात जे होतं ते त्या एका मात्रेमुळे होतं. गंमत अशी की कोल्हापूरकडच्या मुली सर्रास ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात आणि त्यांच्या बाईपणाला कुणी बोट लावत नाही.

आणि नपुंसकलिंग? ‘ते आलं बघ’ या वाक्यात ते सुरीसारखं वापरलं जातं. पण मराठीनं हे लिंग जिव्हाळ्यासाठीही राखलं आहे. लेकरू, पोर, वासरू नपुंसकलिंगी. कोंकणीत तरुण मुलीलाही नपुंसकलिंगी रूप लागतं. एरवी ‘तो माणूस’ म्हणणारे आपण माया दाखवायची असली की ‘आपलं माणूस’ म्हणतो.

गौरी सावंत यांचं नाव घरोघरी पोचलं ते २०१७च्या एका जाहिरातीमुळे. एड्सनं आई गेलेल्या मुलीला त्यांनी वाढवलं, ती कथा त्यात होती. २०१९ साली निवडणूक आयोगानं त्यांना महाराष्ट्रात मतदारजागृतीसाठी सदिच्छादूत नेमलं. २०२३ साली त्यांच्या आयुष्यावर ‘ताली’ ही मालिका आली. टाळी हा त्यांच्या समाजाला चिकटवलेला आवाज, तो नाव होऊन पडद्यावर गेला.

मला या सगळ्यांपेक्षा त्यांनी दिलेलं आणखी एक नाव महत्त्वाचं वाटतं. देहविक्रय करणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी त्यांनी घर उभारायला घेतलं, त्याला वसतिगृह म्हटलं नाही, आश्रमही म्हटलं नाही. ते ‘नानी का घर’. नानी म्हणजे आईची आई. त्या मुलांची नानी व्हायचं तर आधी त्यांच्या आयांना लेकी म्हणावं लागतं.