तळटीप : ‘राजीखुशीने’

‘अक्कलहुशारीने व राजीखुशीने लिहून देतो’ ही दस्तातली ठरीव भाषा. जालना जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणारे जोडपे मुकादमाकडून उचल घेते, तेव्हा अंगठ्यामागे हीच राजीखुशी गृहीत धरली जाते. भारतीय करार कायद्याच्या (१८७२) कलम १४ प्रमाणे बळजबरी, गैरप्रभाव, कपट, चुकीचे निवेदन किंवा चूक यांतून आलेली संमती मुक्त नव्हे. भुकेचा उल्लेख त्यात नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. एशियाड मजुरांच्या खटल्यात (१९८२) सर्वोच्च न्यायालयाने भुकेची सक्तीही ओळखली : किमान वेतनाहून कमी मजुरीवर नाइलाजाने केलेले काम म्हणजे संविधानाच्या अनुच्छेद २३ ने मना केलेली वेठ. वेठबिगारीचा करार तर १९७६ च्या कायद्यानेच रद्दबातल आहे, खाली अंगठा असला तरी. — संपा.