मोतीबाई

झाशीचे अधिपती गंगाधरराव नेवाळकर यांच्या नाटकशाळेतील अभिनेत्री आणि १८५८ च्या वेढ्यात राणी लक्ष्मीबाईंच्या बाजूने लढताना मरण पावलेल्या गोलंदाज. झाशीच्या किल्ल्यात तोफखान्याचे प्रमुख गुलाम गौस खाँ आणि खुदाबक्ष यांच्या शेजारी त्यांचे दफनस्थान दाखवले जाते. त्यांच्या आयुष्याचे दोन भाग पडतात : पहिला रंगमंचावरचा, दुसरा तटावरचा. झाशीत दुसऱ्याची आठवण ठळक आहे. पण त्या मुळात कलावंत होत्या आणि त्यांचे नाव झाशीत आधी झाले ते नाटकामुळे.

नेवाळकर घराणे मूळचे कोकणातले. अठराव्या शतकात रघुनाथ हरी नेवाळकर पेशव्यांचे सुभेदार म्हणून झाशीला आले आणि बुंदेलखंडाच्या या भागात मराठी वस्ती, मराठी देवळे व मराठी दरबार उभा राहिला. शहराच्या लक्ष्मी दरवाजाबाहेर लक्ष्मी ताल आहे. त्याच्या काठचे महालक्ष्मीचे मंदिर नेवाळकरांच्या कुलदेवतेचे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला गादीवर असलेल्या गंगाधररावांना ग्रंथसंग्रहाची आणि नाटकाची मोठी आवड होती. त्यांचा पोथीसंग्रह नावाजलेला होता. इंग्रजी फौजेने शहर घेतले तेव्हा तो नष्ट झाला. नाटकशाळा त्यांनी दरबाराच्या खर्चाने चालवली. संस्कृत परंपरेतील कथानके तिथे रंगत आणि राजा स्वतः तालमींत लक्ष घालीत असे.

गंगाधरराव स्वतः स्त्रीवेष करीत, ही गोष्ट मराठी वाचकाला विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मुळे ठाऊक आहे. कुलाबा भागातल्या वरसईचे हे भटजी वेढ्याच्या वेळी झाशीतच होते. त्यांचे पुस्तक चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केले. गंगाधररावांच्या हातातल्या बांगड्यांविषयी इंग्रज अधिकाऱ्याने विचारले, तेव्हा इंग्रजांनी सगळ्याच राजांना बांगड्या भरायला लावल्या आहेत अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले, अशी लोकांत चाललेली हकीकत त्यात आली आहे. पुढे या सवयीवरून राजाची हेटाळणी पुष्कळ झाली. ती अन्यायाची आहे. स्त्रीभूमिका पुरुषांनीच करण्याचा तो काळ होता. १८४३ मध्ये सांगलीला विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हा त्यातली सीतेची भूमिकाही पुरुषानेच केली होती.

याच काळात झाशीच्या दरबारी रंगमंचावर मात्र स्त्रियांच्या भूमिका स्त्रिया करीत होत्या, असे स्थानिक परंपरा सांगते, आणि त्या स्त्रियांत मोतीबाईंचे नाव पहिले घेतले जाते. जूही आणि दुर्गा ही दुसरी दोन नावे. नृत्य आणि गायन या दोन्हींची तालीम असलेल्या या कलावंत होत्या. अशा स्त्रियांना दरबारात आश्रय होता, कौतुक होते. घरंदाज समाजात मात्र त्यांना जागा नव्हती. मराठी धंदेवाईक रंगभूमीवर प्रतिष्ठित घरातील स्त्रिया उभ्या राहायला १९३३ साल उजाडावे लागले. ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात ज्योत्स्नाबाई भोळे आणि पद्माबाई वर्तक आल्या, त्याच्या जवळजवळ नव्वद वर्षे आधीची ही झाशीची गोष्ट आहे.

२१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव वारले. लक्ष्मी तालाच्या परिसरात लक्ष्मीबाईंनी त्यांची छत्री बांधली. ती आजही उभी आहे. गंगाधररावांचे दत्तकविधान नामंजूर करून १८५४ मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसीने संस्थान खालसा केले आणि राणींना दरमहा पाच हजार रुपयांचे निवृत्तिवेतन देऊ केले. राजाच्या हौसेवर आणि दरबाराच्या तिजोरीवर चालणारी नाटकशाळा त्यानंतर टिकणे शक्यच नव्हते. तिथल्या स्त्रिया राणींच्या आश्रयाला आल्या. वेष पालटणे, बोली बदलणे, अनोळखी माणसांत सहज मिसळणे हे नटीचे कसब हेरगिरीला उपयोगी पडले आणि मोतीबाईंनी राणींसाठी बातम्या काढण्याचे काम केले, अशी कथा आहे.

२१ मार्च १८५८ रोजी सर ह्यू रोझची फौज झाशीसमोर आली. पुढचे दोन आठवडे शहराने तोफांचा मारा सोसला. स्त्रिया तोफांच्या मोर्चांवर राबत होत्या, दारूगोळा वाहत होत्या, हे इंग्रजांच्या वृत्तांतांतही नमूद आहे; त्यामुळे मोतीबाईंची हकीकत अशक्य कोटीतली ठरत नाही. किल्ल्यातील ‘भवानीशंकर’ तोफ त्यांनी चालवली असे सांगतात. ‘कडक बिजली’वर गौस खाँ होते. तात्या टोपे यांची मदतीला आलेली फौज १ एप्रिलला बेतवेकाठी हरली, ३ एप्रिलला इंग्रज शहरात घुसले आणि ४ एप्रिलच्या रात्री राणी काल्पीकडे निघाल्या. झाशीच्या या लढाईत मोतीबाई पडल्या असे परंपरा मानते.

आज त्यांचे जे चरित्र लोकांच्या तोंडी आहे, त्याला आकार दिला तो वृंदावनलाल वर्मा यांनी. झाशी जिल्ह्यातील मऊरानीपूरला जन्मलेले आणि झाशीत वकिली केलेले वर्मा राणींच्या कथा ऐकतच वाढले होते. त्या गोळा करून त्यांनी लिहिलेली ‘झांसी की रानी लक्ष्मीबाई’ ही हिंदी कादंबरी १९४६ मध्ये आली. नाटकशाळा, तिथल्या नटी, मोतीबाई आणि खुदाबक्ष यांचा परस्परांवरील जीव, हे सारे तिथे तपशिलाने येते. मात्र ती कादंबरी आहे. त्यातले संवाद आणि प्रसंग इतिहासाचा पुरावा म्हणून वापरता येत नाहीत. याच कादंबरीने वेढ्यात राणींच्या बाजूने लढलेल्या झलकारीबाईंचे नाव देशभर नेले आणि पुढे २००१ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीटही निघाले. द. ब. पारसनीस यांच्या १८९४ च्या मराठी चरित्रापासून सुरू झालेल्या लेखनपरंपरेत भर राणींवर आहे, आणि ते स्वाभाविकही आहे. पण त्यामुळे दरबारातील कलावंत स्त्रिया कडेला राहिल्या.

मराठी नाट्येतिहास सांगलीपासून मोजला जातो. झाशीची नाटके कोणत्या भाषेत होत, हा वेगळा अभ्यासविषय आहे. पण ती चालवणारा दरबार मराठी होता. त्या इतिहासात झाशीच्या नाटकशाळेला प्रकरण मिळाले पाहिजे, आणि त्यात मोतीबाईंचे नाव गोलंदाज म्हणून येण्याआधी अभिनेत्री म्हणून यायला हवे.